बेअरिंग मी आणलं होतं

अनंत घाग गेल्याची बातमी मला कोणी सांगितली नाही, ती मी वाचली. भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेरच्या स्टँडवर रिक्षावाल्यांनी एक काळा फळा टांगलाय. त्यावर कधी सत्यनारायणाच्या पूजेचं आमंत्रण असतं, कधी कुणाच्या हरवलेल्या पिशवीची सूचना. गणपती होऊन आठवडा झाला असेल. ऑफिसातून परतताना मी नेहमीसारखा समोरच्या कडेने, मान खाली घालून चाललो होतो. फळ्याला झेंडूचा हार दिसला म्हणून रस्ता ओलांडला. 'आमचे सहकारी अनंत घाग यांचे गावी हृदयविकाराने निधन झाले. आज स्टँड दोन तास बंद राहील.' खडूचं अक्षर वळणदार होतं, कुणीतरी सावकाश, मन लावून काढलेलं. मी ते दोनदा वाचलं. आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं. घरी पोचेपर्यंत त्या सुटल्यासारखं वाटण्याची इतकी लाज वाटायला लागली, की जिन्यात पहिल्या मजल्यावरच बसून राहिलो.

गेलेल्या माणसाबद्दल या पुरवणीत लोक चांगलं लिहितात. मीही चांगलंच लिहिणार आहे, कारण अनंतबद्दल वाईट लिहिण्यासारखं काही नव्हतंच. जे वाईट होतं ते माझं होतं. आठ वर्षं ते त्याच्या नावाने गावभर फिरलं, आणि मी फिरू दिलं.

सत्त्याऐंशी साली आम्ही गिरगावातली दीड खोली सोडून भाईंदरला आलो. मी एका सरकारी खात्यात कारकून, माझी बायको नीला फोर्टमधल्या एका कचेरीत टायपिस्ट. आमच्या इमारतीच्या बाजूला, मिठागराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून पत्र्याची एक शेड होती. दोन गाड्या कशाबशा उभ्या राहतील एवढी. ते अनंतचं गॅरेज. अनंत मूळचा चिपळूणकडचा, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. भायखळ्याच्या एका वर्कशॉपमध्ये बारा वर्षं काम शिकून त्याने इकडे स्वतःचं सुरू केलं होतं. उंचीने बेताचा, अंगाने किडकिडीत, आणि मेकॅनिकच्या मानाने विलक्षण कमी बोलणारा. माझ्या स्कूटरची क्लच केबल तुटली म्हणून पहिल्यांदा त्याच्याकडे गेलो. काम झाल्यावर त्याने जुनी केबल वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली. मी म्हटलं, ही घेऊन काय करू? तर म्हणाला, "टाकून द्या. पण बघून टाका. मी बदललीय हे तुम्हाला दिसायला पाहिजे."

हळूहळू संध्याकाळी त्याच्या शेडमधल्या स्टुलावर बसून चहा घ्यायची मला सवय लागली. तो मला 'मोहनभाऊ' म्हणायचा, नीलाला 'वहिनी'. त्याची बायको सुमन बाळंतपणात अडली तेव्हा नीला दोन दिवस रजा टाकून तिच्या उशाशी बसली होती, आणि मुलगी झाल्यावर बारशाला पाळण्याची दोरी पहिल्यांदा नीलाच्या हातात दिली गेली. हे मुद्दाम सांगतोय. अनंत हा आमचा नुसता गॅरेजवाला नव्हता. आम्हाला मूलबाळ नव्हतं, आणि रविवारी दुपारी कोणी हक्काने येऊन जेवून जावं असं जे घर असतं, ते आमच्यासाठी घागांचं होतं.

नव्वद साली मी जुनी गाडी घेतली. काळ्या-पिवळ्या टॅक्सी असायच्या त्याच बांधणीची, पण दुधी रंगाची. घेण्याआधी अनंतने ती अर्धा दिवस उलटीपालटी करून तपासली होती. आमच्या इमारतीत तेव्हा दोनच गाड्या होत्या, त्यातली एक माझी. तो रुबाब मला किती चढला होता हे आता आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात. वर्षभराने पुढून आवाज यायला लागला. आधी बारीक, मग वेग घेतला की जात्यासारखी घरघर. अनंत माझ्या शेजारी बसला, म्हणाला, "आता बोलू नका, नुसती चालवा." राई गावापर्यंत गेलो. उजवीकडे वळण आलं की आवाज वाढायचा, डावीकडे वळलो की कमी व्हायचा. परत येऊन त्याने गाडी जॅकवर घेतली, पुढचं डावं चाक वरखाली धरून हलवलं. चाक किंचित डुगडुगलं. "बेअरिंग गेलं," तो म्हणाला. "चाक फिरतं ते ह्याच्यावर. आतलं एक, बाहेरचं एक. दोन्ही बदलायची, ती बसतात त्या कपांसकट. आणि ऑइल सील नवं. ह्यात काटकसर नको, मोहनभाऊ. हॉर्न वाजला नाही तर माणूस तोंडाने ओरडेल. चाक निघालं तर काय करणार?"

त्या दिवशी त्याने मला बेअरिंग कसं निवडायचं ते शिकवलं. मी विचारलं नव्हतं, पण मी जिज्ञासू आहे असा त्याचा समज होता आणि त्याला ते आवडायचं. दोन बेअरिंगं त्याने फडक्यावर मांडली, एक चांगलं आणि एक कुणाच्या तरी गाडीतून काढलेलं नकली. वरवर पाहता मला तर जुळी भावंडं वाटली. त्याने माझं बोट धरून रिंगवरच्या अक्षरांवरून फिरवलं. अस्सल मालावरची अक्षरं बारीक आणि स्वच्छ कोरलेली, बोटाला जेमतेम लागणारी. नकलीवरची ठोकून उमटवलेली, कडांना खरखरीत. "खोक्यावरचा नंबर आणि रिंगवरचा नंबर एकच पाहिजे. खोकं बघून कधी घेऊ नका, खोकी विकत मिळतात." मग रोलर उजेडात धरायला लावले. सगळ्यांचा रंग एकसारखा हवा, एखादा निळसर किंवा मळकट दिसला की समजायचं पोलाद नीट भाजलेलं नाही. तळहातावर वजन बघायचं. आणि शेवटी, ग्रीस लावण्याआधी, कोरडंच कानाशी धरून बोटाने फिरवायचं. चांगलं बेअरिंग मला ऐकूच आलं नाही. नकली किरकिरलं, अगदी पुसट, वाळूचा एक कण दाताखाली यावा तसं. "हे पाचशे किलोमीटर जाईल, नाहीतर पाच हजार," अनंत म्हणाला. "पण जाताना सांगून जाणार नाही." पूर्वेला केबिन रोडवर मगनभाई म्हणून त्याच्या खात्रीचा दुकानदार होता. "त्यांच्याकडूनच आणा. माझं नाव सांगा. नसलं तर दोन दिवस थांबा, मागवून देतील."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात डबा खाताना मी हे सगळं मोठ्या तपशिलाने सांगितलं. आमच्यातला एक सहकारी हसला. म्हणाला, "अरे, मेकॅनिक ज्या दुकानाचं नाव सांगतो ना, तिथे त्याचा वाटा असतो. तुला एवढंही कळत नाही?" एवढंच वाक्य. चार वर्षं मी त्या माणसाच्या स्टुलावर बसून चहा प्यायलो होतो, आणि ते एक वाक्य माझ्या पोटात जाऊन बसलं. शनिवारी मी पूर्वेला उतरलो आणि मगनभाईंच्या दुकानात गेलो. म्हाताऱ्याने भाव सांगितला, म्हणाला, "अनंतभाईनी पाठवला ने? तर मग हेच घ्या, दुसरा नको." त्याच्या तोंडून अनंतचं नाव आलं आणि माझी खात्रीच पटली. पाहून येतो म्हणून मी बाहेर पडलो. थोडं पुढे एक नवीन दुकान झालं होतं, काचेचं काउंटर, ट्यूबलाइटचा लखलखाट. तिथे तोच नंबर सांगितला. "साहब, एकदम सेम टू सेम. कंपनी का ही माल है, बस बिल नहीं मिलेगा." निम्म्या भावात. खोकंही तसंच. आत्ताच शिकलेलं सगळं मला आठवत होतं. बेअरिंग बाहेर काढून अक्षरांवरून बोट फिरवायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी ते केलं नाही. खोकं बंदच पिशवीत टाकलं, कारण आतून मला माहीत होतं की बोट फिरवलं तर अक्षरांच्या कडांची खरखर लागेल.

रविवारी सकाळी अनंतने चाक खोललं. जुनं बेअरिंग काढलं, चाकाचा हब रॉकेलने धुतला, पुसला. मग माझं खोकं उघडलं. मी स्टुलावर बसलो होतो, हातात चहा. त्याने रिंगवरून अंगठा फिरवला. बाहेरचं बेअरिंग कानाशी धरलं, फिरवलं. परत फिरवलं. मग आतलं. आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मोहनभाऊ, हे मगनभाईंकडचं?"

"हो. का रे?"

"आवाज जरा वेगळा लागतोय."

इथे मी म्हणू शकलो असतो की अरे, दुसरीकडून आणलंय, बघ कसं आहे ते. तो हसला असता, परत पाठवलं असतं, आणि त्या रविवारची आठवणसुद्धा राहिली नसती. मी म्हणालो, "तुझ्याच माणसाकडून आणलंय. आता माझ्यावर पण विश्वास नाही का तुझा?" म्हणताना आवाज थोडा चढवला. शेडबाहेर आमच्या इमारतीतले दोघं-तिघं उभे होते, त्यांना ऐकू जावं इतपत. अनंतचे कान लाल झाले. "तसं नाही हो," तो पुटपुटला. थोडा वेळ बेअरिंग हातात धरून बसला... मग तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन रोलरमध्ये दाबून भरायला लागला.

पाच आठवडे काही झालं नाही. मी मनातल्या मनात त्या सहकाऱ्याचे आभार मानले. मग एका रविवारी तारोडीला माझ्या ऑफिसातल्या एका मित्राच्या घरी जेवायला निघालो. नीला शेजारी बसली होती, मांडीवर त्यांच्यासाठी केलेल्या करंज्यांचा डबा. सकाळचे अकरा वाजले असतील. राई सोडल्यावर दोन्ही बाजूंना आगरं, मिठाचे ढीग उन्हात पांढरेशुभ्र. नीला म्हणाली, "जळल्यासारखा वास येतोय का रे?" मी म्हटलं, कुठे शेणी पेटवल्या असतील. त्यानंतर कडकन आवाज आला, स्टिअरिंग माझ्या हातातून हिसकल्यासारखं डावीकडे गेलं, आणि चाक आमच्या पुढे एकटंच धावताना मी पाहिलं. गाडी रस्ता सोडून नाकावर आगराच्या चरात गेली. मला खरचटलंसुद्धा नाही. नीलाची बाजू खाली होती. मिठावर काम करणारी माणसं धावत आली. एका म्हाताऱ्याने दार उचकटलं, आपलं मुंडासं सोडून नीलाचा पाय बांधला आणि तिला सारखा सांगत राहिला, "बाय, हलू नको. काय झाला न्हाय. काय झाला न्हाय." तिच्या गुडघ्याची वाटी फुटली होती. करंज्या चिखलात पडल्या होत्या आणि ती त्यांच्याकडे बघत होती.

गाडी अनंतनेच ओढून आणली. मी इस्पितळात होतो, मला काही विचारायची वेळ त्याच्यावर आली नाही. तिसऱ्या दिवशी तो शहाळं घेऊन वॉर्डात आला. अंगावर धुतलेला शर्ट, नखांतलं काळं काढण्यासाठी बोटं घासघासून लाल केलेली. पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. नीलाने त्याला बसायला सांगितलं, तो बसला नाही. "वहिनी," तो म्हणाला, "माझं चुकलं." एवढंच. नीला म्हणाली, "अरे, मुद्दाम का कोणी करतं?" आणि तिच्या डोळ्यांना पाणी आलं. मी खिडकीशी उभा होतो. तीन पावलांवर. माझ्या मनात आलं, याला खरंच असं वाटतंय की बसवण्यात चूक झाली. आणि असं वाटत असेल तर... वाटू दे.

त्याच्या त्या दोन शब्दांना पुढचं सगळं मी जोडलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगितलं की चाकाचा नट नीट आवळला गेला नव्हता, मेकॅनिकने स्वतः कबूल केलंय. नट हा शब्द अनंतने कधीच उच्चारला नव्हता, तो माझा. नीलाचा भाऊ सुधीर तापट. तो संध्याकाळी शेडवर गेला आणि चारचौघांत अनंतला वाटेल ते बोलला. "माझ्या बहिणीला लंगडी केलीस तू. लायसन कुणी दिलं तुला?" अनंत हातातला पाना खाली ठेवून उभा होता. सुधीर पोलिसांत जातो म्हणाला तेव्हा मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे, सुधीर. गरीब माणूस आहे." हे वाक्य मी खरोखर म्हणालो. आमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत सेक्रेटरींनी माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं होतं. लोकांनी माना डोलावल्या. मीसुद्धा मान खाली घातली, विनयाने घालतात तशी.

अनंतने गाडी पूर्ण दुरुस्त करून आणून दिली. काही घ्यायला तयार नव्हता. मी फार आग्रह केला नाही. महिन्याभरात मी ती विकून टाकली. नीला काठी घेऊन चालायला लागली, पण स्टेशनचा पूल तिला झेपेना, तेव्हा तिने पंधरा वर्षांची नोकरी सोडली. टाइपरायटरवर तिची बोटं इतकी चालायची की शेजारच्या टेबलावरच्या मुली कामं थांबवून बघायच्या, असं तिच्या ऑफिसातले लोक सांगत. आता ती बोटं दुपारभर गॅलरीच्या कठड्यावर असायची. आणि खाली अनंतच्या शेडसमोरच्या गाड्या कमी होत गेल्या. लहान गाव होतं तेव्हा आमचं, बातमी पसरायला वेळ लागत नसे. चाक ज्याच्या हातून निघालं त्याच्याकडे गाडी कोण देणार? वर्षाच्या आत त्याने शेड सोडली. तिथे आधी रद्दीवाला आला, मग इमारतच उठली. अनंत रिक्षा चालवायला लागला.

मी स्टेशनवरून घरी चालत जायला लागलो. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय असं मी सांगायचो, आणि नीलाला ते पटलं होतं. रांगेत उभं राहिलो आणि नेमकी त्याची रिक्षा समोर आली तर, ही भीती. सात-आठ वर्षं मी पावसापाण्यात चाललो. नीला मात्र त्याच्याच रिक्षाने बाजारात जायची. तो तिला भाजीवाल्यासमोर उतरवायचा, थांबायचा, पिशव्या जिन्यापर्यंत आणून द्यायचा. वर मात्र कधी आला नाही. "अनंत बरा माणूस आहे रे," नीला मला एकदा म्हणाली. "चुकलं बिचाऱ्याचं. तू अजून मनात धरून बसलायस, ते काही बरं नाही." मी पेपर वाचत होतो. पेपर वाचतच राहिलो.

एकदाच बसलो मी त्याच्या रिक्षात. सहा वर्षांपूर्वी, सासूबाई गेल्याचा निरोप ऑफिसात आला आणि मला लवकर घरी पोचायचं होतं. घाईत पहिली रिक्षा धरली, आणि आत बसल्यावर मानेवरून ओळखलं. "बसा, मोहनभाऊ," तो म्हणाला.  फाटकाजवळ गाड्या अडल्या होत्या. तिथे तो म्हणाला, "ती दुधी गाडी चालते का अजून?"

"चालत असेल. वसईला गेली."

"चालणार. दोन्ही बाजूंना चांगला माल घातलाय मी."

पुढच्या आरशात त्याची नजर माझ्याकडे होती की मागच्या ट्रककडे, मला आजही सांगता येणार नाही. सांगून टाकावं म्हणून मी पुढे वाकलो. तेवढ्यात रस्ता मोकळा झाला.

सुमन तेरावं उरकून गावाहून परतल्याचं नीलाकडून कळलं, तेव्हा मी एकटाच भेटायला गेलो. पूर्वेला, नवघर रोडच्या आतल्या चाळीत त्यांची खोली. ज्या मुलीच्या बारशाला आम्ही होतो ती आता सहावीत आहे. तिने पाणी आणून दिलं आणि शेजारी गेली. मी नेहमीचं बोलायला सुरुवात केली... चांगला माणूस होता, जायचं वय नव्हतं. सुमनने मला मध्येच थांबवलं.

"भावोजी, त्यांना माहीत होतं."

मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"गाडी ओढून आणली त्याच संध्याकाळी त्यांनी सगळे तुकडे घरी आणले. इथे ह्या उंबऱ्यात बसून रॉकेलने धुतले. दुसऱ्या दिवशी मगनभाईंकडे जाऊन विचारून आले. मगनभाई म्हणाले, तुमचे साहेब बघून गेले, घेतलं नाही. मग त्यानंतर ते वहिनींना बघायला गेले."

म्हणजे शहाळं घेऊन वॉर्डात आला तेव्हा त्याला सगळं ठाऊक होतं. मी खिडकीशी उभा आहे हे बघून तो ते दोन शब्द बोलला होता.

"मी भांडले त्यांच्याशी," सुमन म्हणाली. तिचा आवाज एका पट्टीत होता. "म्हटलं, दुसऱ्याचं पाप तुम्ही का घेता? तर म्हणाले, दुसऱ्याचं नाही. घालतानाच माझ्या कानाला कळलं होतं. कानाला कळूनसुद्धा मी घातलं, मोहनभाऊंना वाईट वाटेल म्हणून. गाडीवाल्याला कळत नाही म्हणून तर मेकॅनिक असतो. मग चूक कुणाची? असं म्हणाले. मी म्हटलं, निदान वहिनींना तरी सांगा. तर म्हणाले, त्यांचा पाय गेलाय. आता नवराही जायला नको." तिने पेला उचलून बाजूला ठेवला. "गिऱ्हाइकं तुटली म्हणून शेड सोडली असं लोक म्हणतात. दोन-तीन गिऱ्हाइकं शेवटपर्यंत होती. पण त्यांनाच हातात पाना धरवेना. म्हणायचे, आता कुठलंही बेअरिंग कानाशी धरलं की मला काहीच ऐकू येत नाही."

त्या संध्याकाळी मी नीलाला सांगितलं. दुकान, खोकं, न फिरवलेलं बोट, चढवलेला आवाज, नट. ती डाळ निवडत होती. निवडून झाली, ताट बाजूला ठेवलं. मला वाटलं ती पायाबद्दल बोलेल, नोकरीबद्दल बोलेल. ती म्हणाली, "तो माझ्या पायाशी उभा राहून माफी मागत होता तेव्हा तू तिथेच होतास." मी हो म्हटलं. "आणि आठ वर्षं मी त्याला सांगत होते, की जाऊ दे, मी तुला माफ केलंय. प्रत्येक वेळी उतरताना सांगायचे. तो मान हलवायचा." मग ती ताट उचलून आत गेली. दुसऱ्या दिवशी काठी घेऊन ती सुमनकडे गेली. मी सोबत येतो म्हटलं, तर नको म्हणाली. परत यायला दिवस मावळला. तिथे काय बोलणं झालं ते तिने मला सांगितलेलं नाही. मी विचारलेलंही नाही. आम्ही एकाच घरात राहतो, ती मला जेवायला वाढते. बाकी जे आहे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हा लेख इथवर लिहून झाल्यावर मी तो घेऊन पुन्हा सुमनकडे गेलो. तिची परवानगी असल्याशिवाय छापायला देणार नव्हतो. तिने तो माझ्याकडून वाचून घेतला. आपल्याच हस्ताक्षरातलं हे सगळं मोठ्याने वाचताना मला दोनदा थांबावं लागलं, मी पुन्हा सुरू करेपर्यंत ती वाट बघत बसली. "द्या छापायला," ती म्हणाली. "ज्यांनी गाड्या देणं बंद केलं ते वाचतील." 

मी निघत होतो, तेव्हा तिने खाटेखालून एक लाकडी पेटी ओढली आणि मला दाखवली. तेलात भिजवलेल्या कापडात एकेक हत्यार गुंडाळलेलं. पाने, पकडी, बेअरिंगचे कप ओढून काढायचा पुलर, सगळं चकचकीत, गंजाचा ठिपका नाही. शेड गेल्यावरही तो दर दसऱ्याला ही पेटी उघडायचा, एकेक हत्यार पुसायचा, पूजा करायचा आणि पुन्हा गुंडाळून ठेवायचा. गेल्या वर्षीचं हळदकुंकू सगळ्यात मोठ्या पान्याच्या दांड्यावर अजून होतं, त्याच्या बोटाच्या आकाराचं. दसरा आता तोंडावर आलाय. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो की चांगली हत्यारं आहेत, द्यायची असतील तर मी योग्य माणूस बघतो. "द्यायची नाहीत," सुमन म्हणाली. "ह्या वर्षी पूजा मी करणार."

मी चप्पल घातली. दारात उभं राहून विचारलं, "पूजेला मी आलो तर चालेल?"

तिने पान्याभोवती कापड गुंडाळलं, गाठ मारली, पेटीत नीट बसवला.

"वहिनींना पाठवा," ती म्हणाली.